फरशीखालच्या टाकीचा हिशेब

खाली दुकान किंवा कारखाना आणि वर बिऱ्हाड, अशी आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंच्या घरांची रचना असते. संडासची टाकी बहुधा दुकानाच्याच फरशीखाली येते. दुकान चांगले दिसावे म्हणून तिच्या झाकणावर लाद्या बसविल्या जातात आणि टाकी विसरली जाते. ती तुंबली की फरशी फोडा, धंदा बंद ठेवा आणि आत उतरणारा मजूर शोधा, अशी धावपळ सुरू होते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. बंद टाकीत विषारी वायू साचतो आणि प्राणवायू कमी पडतो. एक मजूर बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही प्राणास मुकतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा नगरपालिकेप्रमाणेच घरमालकालाही लागू आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

आमच्या गवंडी बंधूंनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. गिऱ्हाईक म्हणाले तरी झाकण लादीखाली गाडू नका. भारतीय मानक २४७० प्रमाणे दोन हजार लिटरपेक्षा मोठ्या टाकीला दोन कप्पे हवेत, वायूच्या नळीला जाळी हवी आणि विहिरीपासून १८ मीटर अंतर हवे. टाकीचे पाणी शोषखड्ड्यात जावे, उघड्या गटारात नव्हे.

टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसून घ्यावी. मात्र सारा भार घरमालकावर टाकून नगरपालिकांना मोकळे होता येणार नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपालिकांनी दर तीन वर्षांनी पाळीपाळीने टाक्या उपसण्याची योजना राबविली. खर्चाची तरतूद करातून केली आणि मैल्यावर प्रक्रियेची सोयही केली. लहान गावांना जे जमले ते इतरांना का जमू नये?

व्यापारी संघटनांनी ही मागणी आपापल्या नगरपालिकेकडे लेखी करावी. पण त्याआधी प्रत्येकाने आपल्या टाकीचे झाकण कोठे आहे ते पाहावे. वेळेवर बोलावलेल्या गाडीचे भाडे बंद दुकानापेक्षा स्वस्त पडते. गेलेल्या जिवाची भरपाई तर कोणत्याही वहीत लिहिता येत नाही.