प्रणालींचें सोवळें

संगणकाची कोणती कार्यप्रणाली अधिक सुरक्षित, ह्या प्रश्नावरून अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आमच्या सुशिक्षित बंधूंत जे तट पडले आहेत, ते पाहून शैव-वैष्णवांचे जुने तंटे आम्हांस सौम्य वाटूं लागले आहेत. विंडोजवाला संसारी, मॅकवाला सोवळ्यांतला, लिनक्सवाला संन्यासी. आणि तिघांसही एकमेकांच्या हातचें पाणी चालत नाहीं!

रचनेरचनेंत तारतम्य आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या कुलाभिमानास इतिहासाचा आधार नाहीं. संन्याशाच्या मूळ घराण्यांत, म्हणजे युनिक्सच्या यंत्रांत, १९८८ सालींच मॉरिस नांवाचा किडा शिरला होता. २०१२ सालीं फ्लॅशबॅकनें सुमारें ६ लक्ष मॅकयंत्रें बाटविलीं. विंडोजचें तर काय सांगावें? २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्रायनें जगभर कहर केला, त्याचा उतारा मार्चमध्येंच निघालेला होता. तो लावावयाचें मात्र अनेकांस सुचलें नाहीं. मे महिन्यानेंही अनेक शहाणे झाले नाहींत. त्याच भगदाडाचा लाभ घेणाऱ्या नॉटपेट्यानें जूनमध्यें खाडीपलीकडील न्हावाशेवा बंदरांतील एक टर्मिनल ठप्प केलें.

आणि २०२४ च्या मार्चमध्यें? लिनक्सच्या गोतांतील एक्सझेड नांवाच्या साधनांत कोणी चोरदरवाजा बसविला होता. प्रवेशास अर्धा सेकंद अधिक कां लागतो, एवढी शंका घेऊन आंद्रेस फ्रॉइंड ह्या गृहस्थानें तो शोधून काढला; आणि हा गृहस्थ चाकरीस होता विंडोज करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या! संन्याशाची झोळी संसाऱ्यानें राखली. राखण करते ती प्रणालीची जात नव्हे; शंका घेणारा माणूस.

गेल्या महिन्यांत आमच्या इमारतींतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनीं फोनवरील गोडबोल्यास ओटीपी सांगितला, आणि पेन्शन गेली. सांत्वनास जमलेल्या आम्हां पंडितांत वाद कशाचा? तर फोन अँड्रॉइडचा होता म्हणून असें झालें, आयफोन असता तर टळलें असतें! आम्हीही त्यांत चवीनें बोललों, हें लज्जेनें कबूल करतों. चोरानें फोनचें कुल विचारलें नव्हतें. त्यानें बाईंना अंक विचारले, आणि बाईंनीं ते सांगितले.

अशा प्रसंगीं १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावयाची असते, हें आम्हां पदवीधरांपैकीं एकासही आठवलें नाहीं. आठवलें तें बाईंच्या घरीं भांडीं घासणाऱ्या मावशींस. फोन लावतांना जी सूचना ऐकूं येई, ती त्यांनीं लक्ष देऊन ऐकिली होती. आम्ही ती कंटाळून तोडीत असूं. मावशी बोलल्या, तोंवर अर्धा तास आमच्या शास्त्रार्थांत गेला होता.

ज्यांस हे वाद प्रिय आहेत, त्यांनीं ते खुशाल करावे. मात्र तत्पूर्वीं शेजारच्या वृद्धांच्या फोनमध्यें अडून राहिलेली सुधारणा भरून द्यावी, आणि १९३० हा इसवी सन नव्हे, एवढें त्यांस समजावून सांगावें.