भूक परत येते तेव्हा

शस्त्रक्रियेला दहा-अकरा महिने झालेले असतात. वजन १०८ किलोवरून ७६ वर आलेले असते. जुने ब्लाउज आत घेऊन झाले, नवे शिवून झाले, शेजारणींचे ‘काय केलंस गं?’ विचारून झाले. अशी चाळिशीतली बाई सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येते ती केस फार गळतात म्हणून, किंवा जिना चढताना दम लागतो म्हणून. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. तपासणी होते, रक्ताच्या चाचण्यांची चिठ्ठी हातात पडते आणि मग दारापर्यंत जाऊन ती मागे वळते. ‘‘डॉक्टर, मला परत भूक लागायला लागलीय.’’ सूर असा, की जणू चोरीच पकडली गेली.

तिची खरी तक्रार ती असते. आणि ती सगळ्यात शेवटी, दारात उभे राहून सांगावी लागते, यातच बरेच काही आले.

स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेबद्दल लोकांच्या मनात एक सोपे चित्र आहे. पोटाची पिशवी मोठी होती, ती कापून लहान केली, आता अन्न कमीच मावणार, म्हणून वजन उतरणार. हे चित्र अर्धेच खरे आहे. सध्या सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे उरते. चहाचा एक कप भरेल एवढी तिची जागा. पण जो भाग काढला त्यात जठराचा वरचा घुमटही जातो आणि भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधून काढले. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठी मजेशीर गोष्ट दिसली. नुसते खाणे कमी करून ज्यांनी वजन उतरवले होते त्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढले होते, म्हणजे शरीर त्यांना ‘खा, खा’ म्हणत होते. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मात्र ते फारच कमी होते. शिवाय या शस्त्रक्रियांनंतर अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते आणि तिथून ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूला देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरके जास्त स्रवतात. वजन कमी करण्याची जी इंजेक्शने सध्या गाजत आहेत, ती याच जीएलपी-१ची नक्कल आहेत.

याचा अर्थ सरळ आहे. पहिले काही महिने भूक लागत नाही, ती रुग्णाच्या निग्रहामुळे नव्हे. मग पुढे ती लागू लागते, तेव्हा निग्रह सुटला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. डॉक्टरांना तर अजिबात नाही.

भूक नसण्याचा हा काळ सोन्यासारखा असतो आणि बहुतेक घरांत नेमका तोच वाया जातो. रुग्णालयातून घरी पाठवताना हातात वेळापत्रक दिलेले असते. पहिले एक-दोन दिवस गाळलेले पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवडे सर्व पातळ पदार्थ, पुढे कुस्करलेले, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी रोजचे जेवण. (शस्त्रक्रियेनुसार आणि सर्जननुसार यात फरक असतो, शेजारच्या रुग्णाचा कागद बघून खाऊ नये.) पण घरात ‘पातळ’ या शब्दाचा अर्थ होतो भाताची पेज, नारळपाणी, वरणाच्या वरचे पाणी आणि सफरचंदाचा रस. या चारही गोष्टींत प्रथिने जवळजवळ नाहीत. शरीराला मात्र या काळात दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवी असतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठभर हातात येतात आणि काट्यावरचा आकडा बघून घर खूश असते तेव्हा रुग्णाला बादली उचलवत नाही.

साठ ग्रॅम हा आकडा ऐकायला लहान वाटतो. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. कपभर, म्हणजे २०० मिली दुधात ६ ते ७. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, तेवढ्याच शिजलेल्या चिकनमध्ये २५च्या पुढे. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम मिळतील; आपल्याकडे जे वरण वाढतात त्यात डाळ किती आणि पाणी किती, हे करणारीच जाणे. आता हे सगळे एका कपाएवढ्या पोटात बसवायचे आहे. म्हणून पानातला क्रम बदलावा लागतो. आधी अंडे, मासा, पनीर, दह्याचा चक्का, घट्ट पिठले किंवा मऊ शिजवलेली मुगाची उसळ, मग भाजी, जागा उरलीच तर दोन घास भात. मराठी पानाची रीत याच्या नेमकी उलट आहे. आधी वरण-भाताची मूद, मग पोळी-भाजी आणि उसळ चमचाभर. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने भातापासून सुरुवात केली की तो भातावरच थांबतो. कोरडी पोळी, पाव आणि मोकळा भात अनेकांच्या छातीत अडकल्यासारखा होतो, ते वेगळेच.

त्यात घरातल्या मोठ्या माणसांची माया. ऑपरेशन म्हटले की आजीला बाळंतपण आठवते. ‘अंगात ताकद यायला नको?’ म्हणत साजूक तुपातले डिंकाचे लाडू वळले जातात. बायपास झालेल्या माणसाने तो लाडू खाल्ला की दहा-पंधरा मिनिटांत धडधड, दरदरून घाम, पोटात कळ आणि जुलाब सुरू होऊ शकतात. स्लीव्ह झालेल्या काही जणांनाही हा त्रास होतो. गोड अन्न एकदम आतड्यात ओतले गेल्याचा हा परिणाम. आजी म्हणते दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा लाडू समोर येतो.

उपवासांचे तर विचारू नका. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र मोजले तर वर्षातले किती दिवस साबुदाण्यावर जातात! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाच. उपवास सोडा असे सांगून कोणी ऐकत नाही आणि तसे सांगायची गरजही नाही. दूध, दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिरा उपवासाला चालतात; त्यांवर दिवस काढता येतो. ‘उपवासाला गोळी चालते का?’ हा प्रश्न मात्र ओपीडीत आजही येतो. चालते. चाललीच पाहिजे. बी-१२ शोषून घेण्यासाठी जठरात जो घटक तयार व्हावा लागतो, तोच शस्त्रक्रियेनंतर कमी पडतो. त्यामुळे बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन जन्मभराचे असते. शाकाहारी माणसात मुळात ते कमी असण्याची शक्यता मोठी. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही नियमित घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, ही साधी गोष्ट न सांगितल्यामुळे कित्येकींचे हिमोग्लोबिन महिनोन् महिने जागचे हलत नाही.

मग येते ती भूक. कुणाला सहाव्या महिन्यात, कुणाला वर्षाने. घ्रेलिन कमी राहिले तरी येते, कारण भूक एकट्या घ्रेलिनवर चालत नाही. चरबी घटली की चरबीतून येणारे लेप्टिनही घटते आणि मेंदू समजतो की दुष्काळ पडला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. हे तरुण दिवसभर अन्नाबद्दल बोलत, पाककृतींची पुस्तके वाचत, ताटात पाणी घालून ते चाटून घेत. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही अनेकांची भूक कित्येक आठवडे भागली नाही. ते लठ्ठ नव्हते, अधाशीही नव्हते. वजन उतरलेले शरीर असेच वागते.

थोडे वजन परत येणे हेही यातच आले. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होते. म्हणजे काही परत आले, बरेचसे गेले ते गेले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. हा आकडा शस्त्रक्रियेपूर्वीच प्रत्येक रुग्णाला सांगायला हवा. जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या दोन फोटोंत तिसरा, दहा वर्षांनंतरचा फोटो कधी नसतो.

भूक लागते म्हणजे नेमके काय होते, हे मात्र नीट विचारावे लागते. पुष्कळदा ती तहान असते. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचे, एकदम गटागट प्यायचे नाही. या नियमांत दिवसाचे दीड लिटर पाणी राहूनच जाते. घोट घोट पाणी दिवसभर चालू ठेवले की अर्धी ‘भूक’ जाते. कुणाला गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी हात थरथरतात, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि जे दिसेल ते खावेसे वाटते. ती रक्तातली साखर अचानक उतरल्याची खूण आहे. ती पुन्हा गोड खाऊन तात्पुरती थांबते आणि पुन्हा येते. असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. कुणाचे तोंड चाळवते, संध्याकाळी चारला, चहाबरोबर. बिस्किटे, चिवडा, फरसाण आणि आइस्क्रीम या गोष्टी लहान पोटातूनही सहज घसरतात. पोट भरल्याची जाणीवच देत नाहीत. दिवसभर थोडे थोडे चरत राहण्याने शस्त्रक्रियेवर जेवढे पाणी पडते, तेवढे एखाद्या लग्नाच्या पंगतीने पडत नाही.

आणि कुणाला खरीच भूक लागलेली असते. त्या भुकेला जेवणच द्यायचे. प्रथिनांचे, ठरल्या वेळी, बसून, सावकाश चावून. भुकेला घाबरून उपाशी राहणारी बाई रात्री साडेदहाला डबे उघडते.

उलट्यांचे मात्र वेगळे आहे. शस्त्रक्रियेनंतर सारख्या उलट्या होत असतील तर ‘पोट लहान आहे, होणारच’ म्हणून घरी बसणे धोक्याचे. काही आठवड्यांत बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि मग तोल जातो, एकाची दोन दिसतात, माणूस बरळू लागतो. वेळेवर बी-१ दिले तर हे टळते. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अशा रुग्णाला बी-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावल्यास परिस्थिती आणखी बिघडते. तालुक्याच्या ठिकाणी रात्री अकराला येणाऱ्या रुग्णाबाबत ही चूक अगदी सहज होण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झालेली, कागद इंग्रजीत आणि तोही घरी राहिलेला, ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढेच नातेवाइकांना ठाऊक. बायपास झालेल्या माणसाला अंगदुखीसाठी सर्रास वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि त्याच्या जठरात अल्सर होतो, तेही याच अज्ञानातून. शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, टाळायची औषधे आणि जन्मभराच्या गोळ्या मराठीत छापलेले एक कार्ड प्रत्येकाच्या पाकिटात असावे. याला खर्च काही नाही.

खर्च दुसरीकडे आहे. विम्यातून शस्त्रक्रियेचे बिल निघते. पुढच्या रक्तचाचण्या, गोळ्या आणि आहारतज्ज्ञाची फी बहुतेकांना खिशातून भरावी लागते. म्हणून सहाव्या महिन्यानंतर येणे थांबते. वजन वाढू लागले की लाजेने थांबते, कारण काट्यावर उभे केल्याबरोबर समोरून पहिला शब्द येतो तो ‘खाणं वाढलं वाटतं!’ शस्त्रक्रिया म्हणजे तीन तासांचे काम आणि पुढची पाच वर्षे रुग्णाची खासगी जबाबदारी, ही समजूत चुकीची आहे. जिथे ही शस्त्रक्रिया होते तिथे आहारतज्ज्ञ आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांची सोय त्याच पैशांत असली पाहिजे. ती नसेल तर ती शस्त्रक्रिया तिथे होऊ नये.

दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईला परत खुर्चीत बसवावे लागते. काल सकाळपासून काय काय खाल्ले, ते विचारावे लागते. दोन कप चहा, चार बिस्किटे, दुपारी वरण-भात, संध्याकाळी थोडा चिवडा, रात्री खिचडी. दिवसाची प्रथिने वीस ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाक कोण करते, असे विचारल्यावर कळते की सासूबाई करतात. म्हणून पुढच्या मंगळवारी त्यांनाच घेऊन यायला सांगितले जाते. त्या येतात, पदर सावरून बसतात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘मग हिला वाढायचं तरी काय आणि किती?’’ आहारतज्ज्ञ टेबलाच्या खणातून एक लहान वाटी काढून त्यांच्यासमोर ठेवते.