बेस, टॉप आणि कान

‘आमचा मुलगा डीजे व्हायचे म्हणतो’ हे वाक्य आता महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ऐकू येते. पण त्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याचा अर्थ लॅपटॉप, हेडफोन आणि पहाटे घरी परतणारा मुलगा असा होतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावात तोच शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर टेम्पो येतो, त्यावर रचलेले बेस आणि टॉप येतात, मागे जनरेटर येतो आणि या सगळ्यासाठी काढावे लागणारे कर्ज येते. पहिल्या घरात आईवडिलांना काळजी संगतीची, दुसऱ्या घरात हप्त्यांची. मुलगा मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट मागत असतो. चार लोकांनी आपल्या तालावर नाचावे, आपले नाव व्हावे आणि जमल्यास त्यातून पोट भरावे. या मागणीत गैर काय आहे? काहीच नाही. प्रश्न आहे तो सुरुवात कुठून करायची याचा, आणि तिथेच आपल्याकडे मोठी गफलत होते आहे.

डीजे म्हणजे डिस्क जॉकी. तबकडीवर स्वार झालेला माणूस. हा शब्द अमेरिकेतल्या रेडिओने रूढ केला. स्टुडिओत बसून एकामागून एक ध्वनिमुद्रिका लावायच्या आणि मधल्या जागा गप्पांनी भरायच्या, हे त्याचे काम. आपल्या आधीच्या पिढीला हा माणूस दुसऱ्या नावाने चांगलाच परिचित आहे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’तले अमीन सयानी वेगळे काय करत होते? गाणी दुसऱ्यांची, पण कोणते गाणे कधी आणि कशानंतर, ही जाण त्यांची. त्या जाणिवेवर त्यांनी घरोघरीच्या श्रोत्यांना रेडिओपाशी खिळवून ठेवले.

नाचणाऱ्यांसमोरचा आजचा डीजे घडला तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत एका मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून पार्टी ठेवली. तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवायला बसला. गाण्यात मधेच गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या काही सेकंदांची नाचणारे वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तुकडा पुन्हापुन्हा वाजवायला सुरुवात केली. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश आला. हा विजेची उपकरणे दुरुस्त करायला शिकलेला पोरगा. दुसरी तबकडी लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्याला हेडफोनवर ऐकता यावी, अशी जुळणी त्याने केली आणि नेमकी जागा सापडावी म्हणून तबकड्यांवर खुणा करून ठेवल्या. हिप-हॉप या जगभर पसरलेल्या संगीताचा पाया हा असा घातला गेला.

हर्क मूळचा जमैकाचा. तिथे १९५० च्या दशकापासून रस्त्यावर स्पीकर रचून नाच रंगवायची आणि दोन यंत्रणांची जुगलबंदी लावायची रीत होती. आपल्या मिरवणुकांत दोन डीजे समोरासमोर येतात आणि ‘कॉम्पिटिशन’ची गाणी वाजतात, त्याचे हे लांबचे भावंडच म्हणायचे. हर्कची यंत्रणाही दणदणीत आवाजासाठी प्रसिद्ध होती. पण ते स्पीकर केव्हाच गेले. जगाने उचलली ती दोन तबकड्यांची युक्ती. आपण मात्र नेमके उलटे केले. युक्ती सोडली आणि स्पीकर उचलले.

पश्चिम महाराष्ट्रात याच यंत्रणेला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये आपली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणे हेच त्या कंपनीचे पहिले काम. त्याचे नाव आपल्याकडे खिडक्यांची तावदाने हलवणाऱ्या भिंतीला मिळाले, हा नियतीचा विनोदच!

असे का झाले, याचे उत्तर आवाजाच्या हौसेत जितके आहे तितकेच अर्थकारणात आहे. वरातीला बँड सांगायचा तर डझनभर तरी माणसे लागत. त्यांचे गणवेश, प्रवास, जेवणखाण सांभाळावे लागे. बेंजो पार्टीचे तेच, हलगीवाल्यांचे तेच. डीजेचा सेटअप चार-पाच पोरांत चालतो आणि हवे ते गाणे हवे तेव्हा मिळते. तेव्हा सुपारी डीजेकडे वळली यात नवल नाही. हलगी वाजवणाऱ्याचे काम गेले आणि त्याची हलगी मात्र ‘हलगी मिक्स’ होऊन पेनड्राइव्हमध्ये जाऊन बसली. आता बँडवाल्यावर आलेली वेळ डीजेवाल्यावर येऊ घातली आहे. गाणी सगळ्यांकडे तीच आणि मिक्सही तेच. मग एका डीजेने दुसऱ्यापेक्षा वेगळे ठरायचे कसे? उत्तर एकच उरते. बेस वाढवा.

आणि इथे विज्ञान आडवे येते. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबलने, आणि कानाला तो किंचितच मोठा वाटतो. ऐकणाऱ्याला आवाज ‘दुप्पट’ वाटावा यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दसपट. शेजारच्या गावच्या डीजेपेक्षा आपला आवाज दुप्पट वाटावा अशी ईर्षा धरणाऱ्या पोराने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. खर्च दहाच्या पटीत, वाढ दोनाच्या. वर दुसऱ्या वर्षी कुणीतरी आणखी चार बेस जास्त घेऊन येतोच. या शर्यतीत जिंकतो तो स्पीकर विकणारा आणि कर्ज देणारा.

दुसरा अडसर कायद्याचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये झाले. त्यांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा एकूण ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवून देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीत डीजे-डॉल्बी वाजवू देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा दाद मागायला गेली होती ती ध्वनी आणि प्रकाशयोजनेच्या व्यावसायिकांची संघटनाच. ऐन हंगामात लाखोंचे सामान गोदामात पडून राहणे म्हणजे काय, हे ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्यालाच कळते. मंडळाचे कार्यकर्ते दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. जप्त होतो तो डीजेवाल्याचा मिक्सर, आणि टेम्पोत मनमानी फेरफार केले म्हणून परिवहन कार्यालयाचा बडगाही त्याच्याच गाडीवर.

सगळा दोष डीजेच्या माथी मारणे मात्र न्याय्य नाही. ढोल-ताशांचाही दणका कमी नसतो. २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पुण्यातल्या पथकांवर तीस वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, तेव्हा हा वाद किती नाजूक आहे ते दिसलेच. परंपरेचा आवाज गोड आणि गरीब पोराच्या टेम्पोचा आवाज कर्कश, असा भेद कान करत नाही. आपणही करू नये. मोजमाप सगळ्यांना एकच हवे.

कानाचाच विषय निघाला आहे तर या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या भांडवलाबद्दल बोलले पाहिजे. ८५ डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाला आठ तासच राहावे असे कामगारांच्या आरोग्याचे तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे! मिरवणूक चालते कित्येक तास. नाचणारे येतात-जातात, म्हातारीकोतारी दारे लावून घेतात, पण सेटअपजवळ उभा राहणारा ऑपरेटर हलत नाही. अंतर्कर्णातल्या ज्या सूक्ष्म रोमपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर कानात वाजणारी शिट्टी ही त्यांची तक्रार असते. कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही, त्यासाठी वेगळे इयरप्लग मिळतात. बेस फाटला तर बदलता येतो. कान फाटला तर डीजेकडे उरते काय?

मग सुरुवात करायची कशी? पहिला खर्च बेसवर करू नये, हे पहिले सूत्र. घरातला साधा संगणक, मोफत मिळणारे मिक्सिंगचे सॉफ्टवेअर आणि एक बरा हेडफोन एवढ्यावर पहिले सहा महिने सहज निघतात. जमते आहे असे वाटले तर मग दोन चकत्यांचा लहानसा कंट्रोलर. या सहा महिन्यांत मोजायला शिकावे. चार ठोक्यांचा एक गट आणि अशा गटांच्या चार किंवा आठ ओळी. बहुतेक नाचाची गाणी या हिशेबाने बांधलेली असतात आणि नवे गाणे आत आणायचे ते ओळ संपते त्या जागेवर. क्लबमधले हाऊस संगीत मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या आसपास चालते. त्याच्या शेजारी आपली गाणी ठेवून पाहिली की खरी गंमत सुरू होते. अनेक कोळीगीते सहा मात्रांच्या डौलात डुलतात. त्यांच्यावरून चारांच्या ठोक्यावर नाचणाऱ्यांचे पाऊल न चुकता उतरायचे, हे बटण दाबून होणारे काम नव्हे. ज्याच्या कानावर भजन, लेझीम, हलगी लहानपणापासून पडली आहे, त्याला इथे शहरी पोरापेक्षा चार पावले पुढे राहता येते. पुण्याच्या रित्विझने शास्त्रीय संगीताच्या तालमीवर इलेक्ट्रॉनिक संगीत उभे केले आणि २०१७ पासून देशभर नाव मिळवले. त्याचे भांडवल कानातच होते.

दुसरे सूत्र, मालक होण्याआधी हाताखाली काम करावे. कुणा जाणत्या साऊंडवाल्याकडे दोन हंगाम वायरी गुंडाळल्या, अर्थिंग कसे द्यायचे आणि पावसात काय झाकायचे हे शिकले, की कर्ज किती पेलेल याचा अंदाज आपोआप येतो. यंत्रणा भाड्याने मिळते. सुपारी घेताना विसार किती, बंदोबस्ताने कार्यक्रम थांबवला तर पैसे कोणाचे बुडाले, परवानगी कोणी काढायची, हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी व्यवहारात नवा पोरगाच मार खातो.

तिसरे सूत्र हक्कांचे. गाणे विकत घेतले म्हणजे ते चारचौघांत वाजवण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही. हॉटेल, क्लब, तिकिटाचा कार्यक्रम यांना परवाना लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सवलत दिली आहे. पण तिची कक्षा किती, यावर अजून न्यायालयांत झगडे होतात. परवाना आयोजकाने काढला की नाही, हे विचारण्याची सवय डीजेने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

हे सगळे पोरांनी करायचे, मग मोठ्यांनी काय करायचे? मंडळे आणि लग्नघरे अजूनही दर विचारतात तो ‘किती बेस, किती टॉप’ असा. जोवर विचारणा अशी आहे, तोवर पोरगा कर्ज काढून भिंतच उभी करणार. ज्या दिवशी वर्गणीदार विचारतील की ‘याच्या हातात गाणी कशी रंगतात’, त्या दिवशी धंद्याचे गणित बदलेल. कमी आवाजात गर्दी नाचवणारा डीजे मंडळाला स्वस्त पडतो, पोलिसांना चालतो आणि शेजारच्या तान्ह्या बाळालाही झोपू देतो. नुसती बंदी घालून एक हंगाम शांत जातो, पण हप्ते तटत नाहीत. पुढच्या हंगामात तोच पोरगा दुप्पट ईर्षेने रस्त्यावर येतो.

तेव्हा घरात हे वाक्य उच्चारले गेले तर आईवडिलांनी एकदम डोक्याला हात लावू नये, आणि सातबाराही काढू नये. मुलाला एवढेच सांगावे की तीन गाणी निवड, ती अशी जोड की आजीलाही उठून ताल धरावासा वाटेल, आणि आवाज आपल्या भिंतीपलीकडे जाता कामा नये. हे त्याला जमले तर बेस आणि टॉप भाड्याने मिळतात. जमले नाही, तर ते विकत घेऊनही उपयोग नाही.