महिरपी कंस कुठे, हे साहेब ठरवणार?

आमच्या जुन्या कंपनीत एक साहेब होते. कोडची शेवटची ओळ कधी लिहिली, हे त्यांनाही आठवत नसावं. एका सोमवारी त्यांची एक्सेल शीट आली, 'कोडिंग स्टँडर्ड'. मुद्दे त्रेसष्ट! प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर लेखकाचं नाव, तारीख, बदलांचा इतिहास आणि दर तीन ओळींमागे एक कॉमेंट. (अहो, इतिहास ठेवायला व्हर्जन कंट्रोल असतं ना! पण बोलणार कोण?)

मग व्हायचं तेच झालं. 'आय प्लस प्लस'च्या वर कॉमेंट, 'आय एकने वाढवला'. शीट हिरवीगार, साहेब खूश.

गैरसमज नको, मी स्टँडर्डच्या विरोधात नाही. २०१४ मधला ॲपलचा 'गोटो फेल' आठवा. 'इफ'खाली कंस न घालता लिहिलेली ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी 'इफ'च्या बाहेर गेली आणि सर्व्हरची सही तपासण्याचं कामच टळलं. एका ओळीच्या 'इफ'लाही कंस हवाच, हा नियम असता तर बहुधा ते नडलं नसतं. पण असला नियम हात पोळलेल्यालाच सुचतो. पायथनचा 'पेप ८' २००१ मध्ये लिहिणाऱ्यांत भाषेचा जनक गिडो व्हान रॉसम स्वतः होता, आणि नियमामुळे कोड वाचायला अवघड होत असेल तर नियम बाजूला ठेवा, असं त्यातच म्हटलंय. गो भाषेने तर 'गोफम्ट' देऊन वादच मिटवला. मांडणी टूल करतं, माणसाने डोकं लॉजिकला लावावं.

आमच्याकडे उलटं. एका नव्या पोराने रिव्ह्यूत सांगितलं, "सर, पैशांचे हिशेब फ्लोटमध्ये आहेत, ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ येत नाहीत." साहेब म्हणाले, "ते नंतर बघू रे, तुझ्या फाइलमध्ये कॉमेंट कमी आहेत." अप्रेझलला त्याच्या नावापुढे 'नॉन-कंप्लायंट' लागलं, पगारवाढ गेली.

सात-आठ महिन्यांनी क्लायंटचे हिशेब जुळेनात. दोन शनिवार-रविवार आम्ही ऑफिसात वडापाव खाऊन काढले. दुरुस्ती त्याच पोराने केली.

शीटमध्ये चौसष्टावा मुद्दा आला : प्रत्येक फाइलला साहेबांची मंजुरी.