लाजेत वेळ दवडू नका

दवाखाना बंद करताना एखादा तरुण येतो. तक्रार काय, तर अशक्तपणा. खोदून विचारल्यावर कळते, महिन्यापूर्वी निरोधाविना संबंध आला. तेव्हापासून झोप नाही. मेडिकलमधून परस्पर गोळ्या मात्र घेऊन झाल्या.

माझ्या मते अशा वेळी खरे नुकसान लपवण्याने होते. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती वेळ लाजेतच निघून जाते. दुसऱ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीवर विसंबू नये. संसर्ग लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते. गरमी, परमा तर योग्य औषधाने बरे होतात. निकाल लागेपर्यंत निरोध वापरावा. घरच्या माणसाला धोका नको.