सबमिशनच्या आधी मेथी पेरा!

सप्टेंबर लागला की आपल्याला काय आठवतं? गणपती, लेझीम, सबमिशन. पेरणी? ती गावाकडे वडील बघतात, आपलं काय!

पण सोलापूरचा हिशेबच वेगळा. आपल्याकडे जून-जुलैपेक्षा सप्टेंबरात पाऊस जास्त. म्हणून तर हा रब्बीचा जिल्हा. मंगळवेढ्याची ज्वारी याच ओलीवर पेरतात. मग रूमच्या गच्चीवरच्या जुन्या बादलीनं काय पाप केलंय?

बादलीच्या तळाला भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा. मेथीदाणे तसेच टाका, धणे मात्र रगडून, दोन फाका करून. मेथी 4-5 दिवसांत उगवते, महिनाभरात काढायला येते. कोथिंबिरीला साधारण दीड महिना. म्हणजे दिवाळीला गावी जायच्या आत भाजी तयार.

पैसे वाचतील म्हणून सांगत नाहीये. एका बादलीतून जेमतेम एक जुडी निघते. मागच्या वर्षी माझी मेथी एका रात्रीच्या पावसात आडवी झाली. दोन दिवस चिडचिड झाली, तीही बादलीभर मेथीसाठी! ज्याची दोन एकर आडवी होते, त्याचं काय होत असेल? त्यानंतर मंडईत दहाची जुडी पाचला मागायला जीभ रेटली नाही.

घटस्थापनेला घरी धान्य पेरतो, नऊ दिवस पाणी घालतो. हे तसंच, फक्त महिनाभर. शेतकऱ्यांवरचं स्टेटस नंतर ठेवा. आधी एक बादली भरा.