सुईखाली गादी, मग भिंतीखाली का नाही?

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत एका ताईची हळद होती. गोराईत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. लग्नाला लोक वेळेवर येतात आणि जेवून जातात, हळदीला मात्र रात्रभर हलत नाहीत. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, त्या दिवशी ठरवलं होतं की पेनड्राइव्ह नाही, आज खऱ्या तबकड्या वाजवायच्या. दोन वर्षं पैसे साठवून त्याने सेकंडहँड टर्नटेबलची जोडी घेतली होती. चोरबाजारातून जुन्या कोळीगीतांच्या रेकॉर्ड शोधून आणल्या होत्या. आजोबांच्या पिढीने ज्या तबकड्यांवर ताल धरला, त्यांच्यावरच नातवंडं नाचणार, अशी ती आयडिया. सॉलिड होती.

पहिलं गाणं लागलं, पब्लिक उड्या मारायला लागली आणि अर्ध्या मिनिटात सुई घसरत थेट तबकडीच्या मधल्या लेबलवर जाऊन पोचली. दादाने ती उचलून परत ठेवली, तर परत तेच. तिसऱ्यांदा त्याने आवाज वाढवला तेव्हा स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ असा जाड आवाज निघाला आणि वाढतच गेला. शेवटी दादाने मान खाली घालून लॅपटॉप जोडला. हळद मस्त झाली, दादाचा मूड मात्र गेला तो गेलाच.

हे नक्की का झालं, ते शोधण्यात आमची पुढची दोन-तीन आठवडे गेली. त्या शोधात जे कळलं ते फक्त डीजेंच्या कामाचं नाही, म्हणून इथे लिहितेय.

तबकडीवरची खाच साधारण माणसाच्या केसाएवढी रुंद असते. त्या खाचेच्या नागमोडी भिंती सुईला हलवतात आणि त्या हालचालीची वीज होते, तेच आपलं गाणं. सुईवरचं वजनही जेमतेम तीन-चार ग्रॅम. आता सुईला हे कळत नाही की आपल्याला खाचेने हलवलं की टेबलाने. जे हलतं ते सगळं ती गाणं समजून पुढे पाठवते. बेसच्या बॉक्समधून निघालेला धक्का स्टेजच्या फळ्यांतून टेबलात, टेबलातून सुईत, सुईतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि तिथून पुन्हा बेसमध्ये जातो. प्रत्येक फेरीत आवाज थोडा वाढला की ‘घूं’ सुरू. शाळेच्या गॅदरिंगला स्पीकरसमोर माईक नेल्यावर शिट्टी वाजते ना? हा त्याचाच जाडा भाऊ.

टर्नटेबल बनवणाऱ्यांना ही भानगड आधीपासून माहीत आहे. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे मॉडेल १९७२ साली आलं, ते घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. पण त्याची मोटर थेट तबकडीच्या थाळीला जोडलेली होती, बेल्ट नव्हता, त्यामुळे थाळी हाताने थांबवली-सोडली तरी लगेच वेग पकडायची. क्लबमधल्या डीजेंनी ते उचलून धरलं. मग १९७९ मध्ये त्याची ‘एमके टू’ आवृत्ती आली. वजन साधारण साडेबारा किलो आणि तळाला जाड रबर. ते वजन आणि ते रबर याच थरथरीसाठी. २०१० साली कंपनीने उत्पादन बंद केलं आणि तबकड्यांची मागणी पुन्हा वाढल्यावर २०१६ मध्ये परत आणलं. म्हणजे जगातलं सगळ्यात नावाजलेलं डीजेचं मशीनसुद्धा पायाखालच्या जमिनीचा विचार करूनच बनलंय. आमच्या हळदीला ते मशीन नव्हतं, आणि असतं तरी पोकळ प्लायवूडच्या स्टेजवर त्याचंही फार चाललं नसतं. पोकळ स्टेज म्हणजे शेवटी मोठा ढोलच.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, टेबल स्टेजवरून उतरवून थेट जमिनीवर, लादीवर ठेवलं. नाचाचं गाणं साधारण १२० बीट्सचं असतं, म्हणजे सेकंदाला दोन ठोके, आणि लोकही त्याच तालावर उड्या मारतात. इतकी संथ हालचाल कुठलाही फोम किंवा रबर अडवत नाही, उलट फार मऊ गादी घातली तर टेबल झोपाळ्यासारखं डुलतं. त्याला उपाय एकच, उड्या जिथे पडतात तिथे टेबल ठेवायचंच नाही.

दुसरी गोष्ट बेससाठी. मार्बलवाल्याकडून कडप्पाचा तुकडा आणला, दोन फूट बाय दीड फूट, इंचभर जाड, वजन साधारण १९ किलो. त्याच्याखाली स्कूटरची जुनी ट्यूब, अर्धवट हवा भरलेली. वर जड, खाली मऊ, एवढंच तत्त्व. जड वस्तू मऊ आधारावर ठेवली की तिला स्वतःचा एक डुलायचा वेग येतो. आधार वजनाने साधारण एक सेंटिमीटर दबत असेल तर तो वेग सेकंदाला पाचच्या आसपास येतो. बेसचा ठोका असतो सेकंदाला ५०-६० कंपनांचा. आधाराच्या वेगापेक्षा कंपनं इतकी जलद असली की ती वरपर्यंत पोचतच नाहीत, ट्यूबमध्येच विरतात. मिक्सरवर अगदी खालचे सूर कापणारा फिल्टरही लावला. पुढच्याच महिन्यात गल्लीतल्या एका वाढदिवसाला तबकडी सुरू झाली ती शेवटपर्यंत वाजली. दादा अक्षरशः नाचला.

खरा विषय दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. शेजारच्या आजी दारात उभ्या होत्या. त्या दादाला म्हणाल्या, “काल रात्रभर माझी मांडणीवरची भांडी वाजत होती रे. आणि तुझ्या त्या मशीनखाली तू काय काय घातलंस म्हणे, ते हलू नये म्हणून. मग इकडे भिंतीला काही घालता आलं नाही तुला?”

दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आमची घरं कशी आहेत, ते सांगते. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने १९८०च्या दशकात चारकोप आणि गोराईत जी योजना राबवली, तिच्यातली ही वसाहत. लहान-लहान प्लॉट, घराला लागून घर, दोन घरांत एकच सामाईक भिंत. बैठ्या घरांवर नंतर मजले चढले, भिंत मात्र अजून दोघांची आहे. वाढदिवसाला बेसचे बॉक्स आम्ही त्याच भिंतीला टेकवून ठेवले होते, कारण गल्लीत जागा तेवढीच. भिंतीजवळ ठेवला की बेस आणखी जाड लागतो, हे सगळ्या साउंडवाल्यांना माहीत असतं आणि पुष्कळदा त्यांना तेच हवंही असतं. म्हणजे एका सुईसाठी आम्ही तीन आठवडे डोकं चालवलं आणि भिंतीपलीकडच्या माणसाचा विचार तीन मिनिटंसुद्धा केला नाही.

तेव्हापासून मला एक गोष्ट पटलीय. टर्नटेबलच्या काळात सुई डीजेला अडवायची. आवाज प्रमाणाबाहेर गेला, स्टेज हललं, की ती उडायची आणि सगळ्यांसमोर त्याची फजिती व्हायची. मग त्याला बॉक्स हलवावे लागायचे, आवाज कमी करावा लागायचा. आज बहुतेक ठिकाणी कंट्रोलर आणि लॅपटॉप असतो. त्यात सुई नाही, त्यामुळे आख्खी गल्ली थरथरली तरी मशीनला काही होत नाही. डीजेला थांबवणारं त्याच्या टेबलावर काहीच उरलेलं नाही. उरतात ते शेजारी, आणि ते सुईसारखे लगेच बोलत नाहीत. आपल्याच माणसांचा कार्यक्रम आहे, वाईट कशाला व्हायचं, म्हणून गप्प बसतात.

“नियम आहेत की त्यासाठी,” असं कोणी म्हणेल. आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, तेही आठवत असेल. पण या आकड्यांत एक गोम आहे. नियमातलं डेसिबल ‘ए’ या मोजपट्टीवरचं आहे. आपला कान खालच्या सुरांना कमी संवेदनशील असतो, म्हणून ही मोजपट्टी बेस कमी धरते. सेकंदाला ६३ कंपनांच्या सुरात ती जवळजवळ २६ डेसिबल वजा करते. म्हणजे तिथे ९० डेसिबलचा बेस वाजत असेल तर मीटर ६४ दाखवेल. कानासाठी हा हिशोब ठीक असेल. पण आजींची भांडी कानाने ऐकत नाहीत, आणि छातीत बसणारा धक्काही त्या आकड्यात नीट उतरत नाही. म्हणून ‘मीटरवर तर जास्त नव्हतं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

गंमत बघा, ज्याला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो ते नाव ज्याचं, त्या रे डॉल्बीने १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाच्या भिंतीला दिलं!

मी डीजेच्या विरोधात नाही. माझ्या घरातच एक आहे. हंगामातल्या चार महिन्यांच्या सुपाऱ्यांवर वर्ष काढणारी पोरं मी रोज बघते. बॉक्स उचलणारा, जनरेटरवाला, टेम्पोवाला, सगळ्यांची घरं त्यावर चालतात. सरसकट बंदी आली की पहिला फटका त्यांना बसतो. “फक्त आमच्याच सणांना का?” हा प्रश्नही मला कळतो. पण बंदी नको असेल तर बंदीची वेळ येणार नाही असं वाजवणं ही आपली जबाबदारी आहे, आणि सुई वाचवायला जी अक्कल वापरली तीच इथे पुरते.

बॉक्स पोकळ स्टेजवर न ठेवता जमिनीवर ठेवा. सामाईक भिंतीपासून लांब ठेवा. खाली जाड रबरी मॅट घाला, म्हणजे थरथर लादीतून घरांत कमी जाईल. थोडं बजेट असेल तर साउंडवाल्याला सांगा की तीनपैकी एक बेस मागे तोंड करून, उलट फेजमध्ये, योग्य डिले देऊन लाव. मग मागच्या बाजूला जाणारा बेस बऱ्यापैकी आपसांत कटतो आणि नाचणाऱ्यांना मात्र पुढे तेवढाच मिळतो. मोठ्या कॉन्सर्टला हे नेहमी करतात, गल्लीत कोणी मागत नाही म्हणून होत नाही. आणि दहा वाजले की बंद.

याने सगळं सुटतं का? नाही. दादाने नोव्हेंबरमधल्या एका साखरपुड्याला हे करून बघितलं. बॉक्स भिंतीपासून काढले, मॅट टाकली. मधेच मी आजींच्या घरी जाऊन बसले. भांडी वाजायची थांबली होती, पण ठोका छातीत लागतच होता. कारण मॅट जमिनीतून जाणारी थरथर अडवते, हवेतून येणारी नाही. ५० कंपनांच्या सुराची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. ती दार-खिडकीला, पडद्याला जुमानत नाही. मी दादाला फोन केला. त्याने बेसचा नॉब खाली घेतला, आणखी खाली घेतला. आजी म्हणाल्या, “हां, आता चालेल.” बाहेर नाच थांबला नव्हता. नॉब कमी झाल्याचं कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

म्हणून कॉलेजच्या फेस्टिवलला साउंड ठरवणाऱ्या, मंडळात वर्गणी काढणाऱ्या, भावाच्या हळदीला डीजे बुक करणाऱ्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. ‘किती वॅट?’ या प्रश्नाच्या आधी ‘बॉक्स कुठे ठेवणार?’ हा प्रश्न विचारा. आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर आपल्यातल्या एकाला दहा मिनिटं शेजाऱ्यांच्या घरात पाठवा. तिथे टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवायचा. पाण्यावर वर्तुळं उठली की बाहेर फोन करायचा. ही काही शास्त्रीय मोजणी नाही, पण त्या घरातलं बाळ आणि म्हातारं माणूस काय सोसतंय याचा अंदाज नक्की येतो.

आमच्या खाडीपलीकडे पॅगोडा आहे, २००९ साली उघडलेला, आठ हजार माणसं एकत्र शांत बसू शकतील एवढा. खाडीच्या अलीकडे जेट्टीवर दरवर्षी बोरिवलीतले गणपती विसर्जनाला येतात. या दोन्हींच्या मधे आम्ही राहतो. मला दोन्ही हवंय, आणि माझ्या मते दोन्ही मिळू शकतं. यंदाच्या मिरवणुकीसाठी गल्लीच्या मंडळाची मीटिंग पुढच्या रविवारी आहे. दादा कडप्पा घेऊन येतोय, दाखवायला. मी ग्लास नेणार आहे. आणि आजींनाही बोलावलंय.